ऑर्डर, उचल आणि उद्याची मिळकत

दलित आत्मकथनांवर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. भूक, अस्पृश्यता, विद्रोह, बोली, आई या सर्वांवर लिहिले गेले. परंतु या लेखनात पुन्हापुन्हा येणाऱ्या एका कागदाकडे आमच्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. तो कागद म्हणजे नोकरीची ऑर्डर. आमच्या नातेपुते-माळशिरस भागात 'नोकरी लागली' असे म्हणण्यापेक्षा 'पोराची ऑर्डर आली' असे म्हणण्याचाच प्रघात आहे. नोकरी अजून लांब असते, पहिला पगार त्याहून लांब असतो. पण कागद हातात पडला की वस्तीत पेढे वाटले जातात, किराणा दुकानदार बंद केलेले उधारीचे खाते पुन्हा उघडतो, सोयरिकीची बोलणी सुरू होतात. जे उत्पन्न अद्याप झालेलेच नाही त्याच्या भरवशावर सारे जग व्यवहार करू लागते.

हा कागद आता केवळ आनंदाचा विषय राहिलेला नाही. तो पुरावा झाला आहे. पुण्याला खोली भाड्याने घ्यायची तर मालक कंपनीचे पत्र मागतो. मोटारसायकलच्या कर्जाला ते लागते. घरकर्ज देणारा अधिकारी खरे म्हणजे मागच्या तीन-सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मागतो. ज्याच्याजवळ तेही नाही असा नवा माणूस नुसते पत्र पुढे करतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, अर्जदाराच्या उद्याच्या मिळकतीची साक्ष म्हणून या पत्राला किती मोल द्यायचे? बँकेच्या दृष्टीने हा जोखमीचा प्रश्न आहे. आमच्या दृष्टीने हा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्या मागच्या पिढ्यांच्या नावावर काहीच नव्हते त्यांना मागचे बघून मोजायचे की पुढचे बघून, असा तो प्रश्न आहे.

आमच्या गावगाड्यात माणसाच्या उद्यावर हक्क सांगणारे कागद पूर्वीही होते. महारकीचे वतन हे एका अर्थाने पिढ्यान्‌पिढ्यांचे नियुक्तिपत्रच होते. नेमणूक कायमची, बदली नाही, निवृत्ती नाही, रजा नाही. फक्त पगार ठरलेला नाही. बलुत्याची भाकर घरोघर फिरून मागायची. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामाचा मोबदला ठरलेला असावा आणि तो देण्याची जबाबदारी कुणावर तरी असावी, ही त्यामागची धडपड होती. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. वतने गेली ती मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने. दया पवारांच्या १९७८ सालच्या पुस्तकाचे नावच 'बलुतं' आहे, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चालतो की त्या शब्दात दडलेला पगाराचा प्रश्न आपल्याला दिसेनासा होतो.

दुसरा कागद उचलीचा. हा अजून जिवंत आहे आणि तो पाहायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. पाऊस संपला की सदाशिवनगर, अकलूज, माळीनगरच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात. त्यांनी उचल आधीच घेतलेली असते. लग्नाला, आजारपणाला किंवा मागची उचल फेडायला ती संपलेलीही असते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकटा माणूस असला तर 'अर्धा कोयता'. म्हणजे बाईच्या श्रमाची नोंद आहे, परंतु तिच्या नावाची नाही. एखादा दिवस काम बुडाले की खाडा आणि खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेव्हा या खाड्याच्या भीतीची चर्चा शहरी वर्तमानपत्रांत प्रथमच मोठ्या अक्षरांत झाली. उद्याच्या श्रमावर आज पैसा दिला की पैसा देणारा उद्याच्या शरीरावर कसा मालकी सांगू लागतो, याचे याहून उघडे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

तिसरा कागद ऑर्डरीचा. तो या दोहोंपेक्षा निराळा आहे काय? आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, काही निराळा नाही. पोरगा नोकरीच्या पत्रावर कर्ज काढतो म्हणजे शिकलेल्याने घेतलेली ती उचलच आहे. हे म्हणणे ऐकायला जोरकस आहे, पण ते तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी आपल्या इतिहासातला आपल्याला सर्वांत जवळचा करार पुन्हा वाचावा लागेल.

४ जून १९१३ रोजी बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला. त्याआधी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळत होती. आता अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, मंजूर झाले. त्याबदली शिक्षण संपल्यावर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचे त्यांनी लिहून दिले. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. गहाण ठेवायला जमीन नव्हती. तारण म्हणून होती ती एका तरुणाची पुढची दहा वर्षे. उद्याच्या मिळकतीवर, किंबहुना उद्याच्या बुद्धीवर, आज पैसा लावण्याचा हा व्यवहार होता आणि पैसा लावणाऱ्याने अर्जदाराच्या घरची ऐपत पाहिली नाही, पुढे काय होऊ शकते ते पाहिले. या एका गोष्टीसाठी सयाजीरावांचे ऋण मान्य करावेच लागते.

पण पुढे काय झाले? सप्टेंबर १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण, लंडनचा अभ्यास, खुद्द संस्थानाची नोकरी. उत्पन्नाचा याहून भक्कम पुरावा त्या शहरात फार थोड्या भाडेकरूंजवळ असेल. तरी राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत जागा मिळाली तीही नोंदवहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. सार्वजनिक बागेत काही तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. हे सर्व त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे, आणि कसलाही आक्रोश न करता लिहून ठेवले आहे.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेचा दाहक अनुभव म्हणून पाहतो आणि तसे पाहणे योग्यच आहे. परंतु त्यात व्यवहाराचाही एक धडा आहे. भाडेकरूची परतफेडीची शक्ती हा तिथे प्रश्नच नव्हता. भाडे रोज दीड रुपया ठरले होते आणि ते देणारा माणूस ते देऊ शकत होता. जे आज म्हणतात की 'पगाराचे पत्र दाखवा, जात कोण विचारतो', त्यांनी बडोद्याची ही हकीकत वाचावी. कागद उत्पन्नाची साक्ष देतो. कागदावरचे नाव मात्र दुसरीच साक्ष देत असते, आणि मालक दोन्ही साक्षी एकाच वेळी ऐकतो.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहात आली. तिच्यावर लिहिताना आमचे समीक्षक 'जात लपवणे' या कृतीपाशी थांबतात. कुणी तिला अस्मितेचा प्रश्न म्हणतो, कुणी अपराधभावनेचा. पण कथेची जमीन कोणती आहे ते पाहा. सुरतेजवळचे उधना, रेल्वेची नोकरी, परके गाव आणि डोक्यावर छप्पर नाही. नोकरी आहे म्हणून तो तरुण तिथे आला आहे. खोली नाही म्हणून त्याला जात चोरावी लागते. सरकार ज्याला काम देते त्याला समाज घर देत नाही, या दोहोंच्या मधल्या फटीत ही कथा घडते. त्याच कथेतला काशिनाथ जात लपवत नाही आणि रोज भांडण अंगावर घेतो. नोकरीचा कागद दोघांजवळ सारखाच आहे. एकाला घर मिळते ते खोटे बोलून, दुसऱ्याला मिळत नाही ते खरे बोलून. बडोद्यापासून उधन्यापर्यंत मध्ये स्वातंत्र्य आले, संविधान आले, राखीव जागा आल्या. आणि दोन्ही ठिकाणी माणूस खोलीसाठी नाव बदलतो किंवा जात गिळतो. बागुलांनी हे साधर्म्य मुद्दाम साधले असे आम्ही म्हणत नाही. ते साधर्म्य समाजातच होते.

कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मधला संस्कृतचा अनुभव तर या विषयाच्या गाभ्यालाच हात घालतो. संस्कृतात एम. ए. झालेली दलित मुलगी, कुमुद सोमकुवर या नावाने अर्ज करते, मुलाखती देते, नोकरी मिळत नाही. लग्न होते, पावडे हे मराठा आडनाव लागते आणि काही महिन्यांत सरकारी महाविद्यालयात नेमणूक होते. पदवी तीच, विषय तोच, बाई तीच. बाईंनी स्वतःच हा हिशेब मांडला आहे की नोकरी मिळाली ती पावडेला. सोमकुवर तशीच राहिली. आता कल्पना करा की या बाई त्या दिवशी आपले नियुक्तिपत्र घेऊन कर्ज मागायला गेल्या असत्या. कर्ज देणाऱ्याने त्या पत्रावरून त्यांची भावी मिळकत तपासली असती. त्या पत्रात आधीच जात मुरलेली आहे, हे त्याला कुठे कळणार होते? आणि ज्यांना पत्रच मिळाले नाही त्या सोमकुवरांची मिळकत तो कशावरून तपासणार होता?

हा केवळ एकेकाळचा अनुभव नव्हे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना उत्तर म्हणून सारख्याच पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांकडे पाठवले. फरक फक्त नावांचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुसलमान नावाला त्याहूनही बरीच कमी. २०१५ मध्ये थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबाबत असाच प्रयोग केला आणि तिथेही नाव सांगताच नकार किंवा जादा अटी पुढे आल्या. म्हणून नोकरीच्या पत्राला निष्पक्ष पुरावा म्हणणे भाबडेपणाचे आहे. ज्या चाळणीतून ते पत्र येते ती चाळणी पाहिल्याशिवाय त्या पत्राचे मोल करता येत नाही.

आता पत्राच्या आत काय असते ते पाहू, कारण आमचे विद्यार्थी ते वाचत नाहीत; पगाराचा आकडा तेवढा वाचतात. कंपनी प्रथम देते ते प्रस्तावपत्र. त्यात अटी असतात: परीक्षा पास झाली पाहिजे, कागदपत्रे खरी निघाली पाहिजेत, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. रुजू झाल्यावर नियुक्तिपत्र मिळते, आणि त्यातही सहा महिने किंवा वर्षाचा उमेदवारीचा काळ असतो. आकडा वर्षाचा लिहिलेला असतो आणि त्याला सीटीसी म्हणतात. त्यात मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, आणि मिळेल तर मिळेल असा कामगिरीवरचा भाग, हे सगळे धरलेले असते. बाराने भागून जो आकडा येतो तो कधीच हातात पडत नाही. सावकाराला हे ठाऊक असते, पोराच्या बापाला नसते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो. स्वीकारल्यानंतर मोडला तर फार तर नुकसानभरपाई मागता येते. खाजगी मालकाने नोकरीवर ठेवलेच पाहिजे असा हुकूम न्यायालय सहसा देत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रो कंपनीने साडेसहा लाखांचे प्रस्ताव दिलेल्या आणि रुजू होण्याची वाट पाहणाऱ्या नव्या पदवीधरांना साडेतीन लाखांवर येता का असे विचारले. पत्र तेच होते, महिने उलटले होते, उद्याची मिळकत जवळजवळ निम्मी झाली होती.

सरकारी ऑर्डर तरी पक्की का? राज्यघटनेने दिलेल्या समान संधीचा आधार घेऊन निवड यादीतले उमेदवार न्यायालयात गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये शंकरसन दाश खटल्यात सांगितले की यादीत नाव आल्याने नेमणुकीचा अबाधित हक्क निर्माण होत नाही. शासनाने मनमानी करू नये एवढेच. म्हणजे यादी वेगळी, ऑर्डर वेगळी. आणि ऑर्डर मिळाल्यावर? महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम, प्राथमिक शिक्षणसेवकाला सुरुवातीला दरमहा तीन हजार. ते सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. विनाअनुदानित शाळांची गोष्ट याहून विचित्र आहे. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द शासनाने २००९ मध्ये काढला, वीस टक्के अनुदानाचा पहिला हप्ता २०१६ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत कित्येक शिक्षकांच्या हातात संस्थेची रीतसर ऑर्डर होती, शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता होती, हजेरीपटावर सही होती आणि पगार नव्हता. आमच्या तालुक्यातल्या मास्तरांना हे सांगायला नको. शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या रानात मजुरी केलेले मास्तर त्यांनी पाहिले आहेत. कंत्राटी भरतीसाठी नऊ खाजगी संस्था नेमण्याचा शासन निर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. रद्द झाला हे बरे झाले. परंतु कंत्राटाची पद्धत त्याने संपलेली नाही, आणि कंत्राटदाराने दिलेल्या पत्रावर राखीव जागांचा नियम लागू करायला कुणी बसलेले नसते. सैन्यात २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांचे. घराण्यातला पहिला पगारदार चार वर्षांत घरी येणार असेल तर वीस वर्षांच्या घरकर्जाला त्याचे पत्र कोण धरणार?

मग या कागदाला मोलच नाही असे म्हणायचे का? येथे आमचा त्या कार्यकर्ते मित्रांशी मतभेद आहे.

पर्याय काय आहे तो पाहा. नोकरीचे पत्र नको असेल तर सावकार सातबारा मागतो, आठ अ मागतो, बापाची ऐपत मागतो. नीरा उजव्या कालव्याचे पाणी या भागात आले तेव्हा ज्याच्या नावावर जमीन होती त्याची पत वाढली. ज्याची नव्हती त्याच्या नशिबी त्या पाण्यावरच्या उसाची मोळी आली. भूतकाळ हा ज्यांच्याजवळ आहे त्यांचाच पुरावा असतो. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित नियमांत आई-वडील सहकर्जदार म्हणून लागतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नको म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये हमीनिधीही काढला. पण शाखेतल्या खुर्चीसमोर उभे राहिल्यावर 'वडील काय करतात' हा प्रश्न चुकत नाही. आणि त्याच घराला दुसऱ्या खिडकीवर उलट सिद्ध करायचे असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे असा तहसीलचा दाखला. कर्जासाठी ऐपत आहे असा दाखला. एकाच बापाने एकाच आठवड्यात माळशिरसच्या एकाच कचेरीच्या आवारात गरीबही व्हायचे आणि पतवालाही व्हायचे! यात तो खोटारडा ठरतो, आणि त्याला खोटे बोलायला लावणारी पद्धत प्रामाणिक राहते.

नोकरीचे पत्र या फेऱ्यातून निदान एक वाट काढते. ते बापाविषयी काही विचारत नाही. या माणसाला पुढे काय मिळणार आहे, एवढेच ते सांगते. पहिल्या पिढीच्या शिकलेल्याला याहून मानाचा पुरावा मिळणे अवघड. म्हणून तो नाकारण्याऐवजी तो कशा अटींवर घ्यावा हे आपण बोलले पाहिजे.

अमेरिकेत घरकर्जाच्या बाजारात फॅनी मे ही संस्था आहे. तिने कोणती कर्जे विकत घ्यावीत याचे लेखी नियम असतात. तिथे नुसत्या प्रस्तावपत्रावर उत्पन्न धरता येते, परंतु पत्र दोन्ही बाजूंनी सही झालेले हवे, त्यातल्या अटी पुऱ्या झालेल्या हव्यात, नोकरी देणारा अर्जदाराचा नातेवाईक नसावा आणि कर्जाचा कागद झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत नोकरी सुरू झाली पाहिजे. मधल्या काळाच्या हप्त्यांपुरती शिल्लकही दाखवावी लागते. हे नियम आदर्श आहेत असे नव्हे. शिल्लक दाखवा म्हटले की पुन्हा गरीब मागे पडतो. परंतु नियम लेखी आहेत, आणि लेखी नियमाशी भांडता येते. आपल्याकडे शाखाधिकाऱ्याच्या मनातल्या नियमाशी भांडायचे कसे?

त्याच अमेरिकेतली दुसरी हकीकत आमच्या स्त्री वाचकांनी लक्षात ठेवावी. १९७४ पर्यंत तिथे नवरा-बायको दोघे कमावत असले तरी बायकोचा पगार कर्जासाठी पूर्ण धरीत नसत; ती बाळंत होईल आणि नोकरी सोडील हे गृहीत धरले जाई. काही सावकार तर तिला मूल होणार नाही किंवा ती होऊ देणार नाही असे डॉक्टरचे पत्र मागत. त्याला 'बेबी लेटर' असे नावच पडले होते. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने हे बंद झाले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने वंशावरून पत नाकारणेही त्याच कायद्याखाली आले. ज्या देशातल्या ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या देशात पतपुरवठा हा समतेच्या लढ्याचा भाग मानला गेला होता. आम्ही बलात्कार, जळीत, बहिष्कार यांवर मोर्चे काढले, काढायलाच हवे होते. पण कर्जाच्या अर्जावर मोर्चा काढावा असे आम्हाला फारसे सुचले नाही. इकडे फडातल्या बाईचे गर्भाशय आणि तिकडे कारकून बाईचे बेबी लेटर, दोन्ही ठिकाणी पैसे लावणाऱ्याने उद्याची मिळकत तपासायला बाईच्या ओटीपोटात डोकावून पाहिले आहे.

आता उचलीचा आक्षेप. उचलीत पैसा देणारा आणि काम घेणारा एकाच साखळीतले असतात. कर्ज फिटेपर्यंत मजुराला दुसरीकडे जाता येत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने नेमके यालाच गुन्हा ठरवले: आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे जाण्या-येण्याचे, दुसरे काम धरण्याचे स्वातंत्र्य हिरावणे. नोकरीच्या पत्रावर घेतलेल्या कर्जात बँक वेगळी, मालक वेगळा. हप्ता भरला की कुठली नोकरी करता याच्याशी बँकेला देणेघेणे नाही. जोपर्यंत हे दोन हात वेगळे आहेत तोपर्यंत त्याला उचल म्हणता येणार नाही. मात्र कंपनी जेव्हा प्रशिक्षणाचा खर्च सांगून दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेते, मुलांची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेते, तेव्हा ते दोन हात एक होतात. ती उचल होय, मग ती काचेच्या इमारतीत का दिली जाईना. या कसोटीवर बडोद्याचा करारही निर्दोष ठरत नाही. पैसा देणारा आणि चाकरी घेणारा तिथे एकच होता. फरक एवढाच की त्या पैशाने माणूस कामापुरता नव्हे तर कामाच्या पलीकडचा तयार झाला, आणि बडोदे शहराने त्याला दोन आठवडेही नीट राहू दिले नाही.

साहित्याकडे परत येऊ. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत नोकरी लागलेल्या दलितावर 'पांढरपेशा', 'दलित ब्राह्मण' असे शिक्के मारण्याची चढाओढ होती. नोकरी लागली की तो वस्ती विसरतो, हे जणू सिद्धच झाले होते. काही विसरलेही. पण या समीक्षकांनी पतसंस्थेच्या अर्जातला जामीनदाराचा रकाना कधी पाहिला नसावा. घरातला, भावकीतला, वस्तीतला पहिला पगारदार हा सगळ्यांचा जामीनदार असतो. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ १९७८ मध्ये निघाले, अण्णाभाऊ साठे महामंडळ १९८५ मध्ये; कर्ज मागासवर्गीयांना, पण हमी मात्र बऱ्याचदा पगारदाराची किंवा जमीनवाल्याची लागे. तसा माणूस वस्तीत एकच. चुलतभावाच्या टेंपोला त्याची सही, मेव्हण्याच्या शेळ्यांना त्याची सही, बहिणीच्या दिराच्या टपरीला त्याची सही. धंदा बसला की हप्ता त्याच्या पगारातून. त्याच्या ऑर्डरीने सिद्ध झालेली भावी मिळकत दहा घरांनी आधीच वाटून घेतलेली असते, आणि नकार दिला तर तो वस्तीला विसरलेला! गावात बलुते मागणाऱ्याचा हा नातू आता स्वतःच बलुते देत बसला आहे, आणि समीक्षा त्याला मध्यमवर्गीय म्हणते.

या माणसावर आम्हाला सविस्तर लेखन सापडत नाही. आत्मकथने बहुधा शिक्षण संपते तिथे, ऑर्डर येते तिथे, किंवा चळवळीत उडी घेतली तिथे वळण घेतात. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) किंवा लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) यांत बालपण आणि तारुण्य जेवढ्या बारकाव्याने येते तेवढ्या बारकाव्याने पगाराचा पहिला दिवस कुठल्या आत्मकथनात येतो? पगारपत्रकावरच्या कपाती हा कुणाला साहित्याचा विषय वाटलेला नाही. भुकेला सौंदर्यशास्त्र सापडले, हप्त्याला सापडले नाही. भूक दाखवली की प्रस्थापित वाचक कळवळतो. हप्ता दाखवला तर तो म्हणेल, आमचेही हप्तेच आहेत. त्याच्या हप्त्यामागे बापाचा सदाशिव पेठेतला ब्लॉक उभा आहे आणि याच्या हप्त्यामागे दहा जामीनक्या उभ्या आहेत, हे लिहून दाखवणाऱ्या लेखकाची आम्ही वाट पाहतो आहोत.

तोवर शिक्षक मित्रांना एक काम करता येईल. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कंपनीचे किंवा संस्थेचे पत्र हातात पडते तेव्हा ते वर्गात वाचावे. सही कुणाची आहे. कंपनीची की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराची. रुजू होण्याची तारीख आहे की 'नंतर कळवू' असे आहे. वर्षाच्या आकड्यातून दरमहा हातात किती येईल. बॉण्ड आहे का, मूळ प्रमाणपत्रे मागितली आहेत का. मागितली असतील तर देऊ नयेत, सत्यप्रती द्याव्यात. कर्ज नाकारले गेले तर कारण लेखी मागावे आणि आधी बँकेकडेच लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला वकील लागत नाही. आणि ज्या मुलाला पहिल्या पगाराआधीच तीन ठिकाणी जामीन राहायला सांगितले जाते त्याला एवढे तरी समजावून सांगावे की जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. कर्जदाराने भरले नाही तर कायद्याने वसुली थेट त्याच्याकडून होऊ शकते, आणि ते थकलेले कर्ज उद्या त्याच्या स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी त्याच्या नावासमोर दिसते.